ऑफिससाठी एन्क्रिप्टेड पोर्टेबल एसएसडी: आधी किल्ली कोणाकडे ते ठरवा, मग ड्राइव्ह घ्या

ड्राइव्ह घ्यायला दुकानात जाण्याआधी एक काम करा. ऑफिसातल्या सगळ्यांना सांगा, की आपापल्या ड्रॉवरमधले, पिशवीतले, गाडीच्या डिकीतले पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क आणून टेबलावर ठेवा. मी जालना आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या छोट्या कारखान्यांची, सीए ऑफिसांची आणि दवाखान्यांची कॉम्प्युटरची कामं बघतो. जिथं जिथं ही यादी करायला बसलो, तिथं मालकांना तीन-चार ड्राइव्ह ठाऊक होते आणि टेबलावर डझनभर आले. एकात गेल्या वर्षीचा टॅलीचा बॅकअप, एकात पगारपत्रक, एकात कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, आणि त्याच फोटोंच्या शेजारी ग्राहकांची स्कॅन केलेली पॅन आणि आधार कार्डं. कशालाच पासवर्ड नाही.

मी हे कळकळीनं सांगतोय त्याला कारण आहे. माझ्याकडे काम असलेल्या एका ऑफिसातला आर्टिकलशिपचा मुलगा ऑडिटसाठी परभणीला गेला होता. येताना बॅग एसटीतच राहिली. तीन डेपोंत चौकशी केली, कंडक्टरचा नंबर मिळवला, तिसऱ्या दिवशी बॅग सापडली. जेवणाचा डबा जागच्या जागी होता, ड्राइव्ह नव्हता. त्यात पाच वर्षांची लोकांची विवरणपत्रं होती. पुढं त्या डाटाचं काय झालं हे कुणालाच कळलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट. मालकांना एकेका अशिलाला फोन करून सांगावं लागलं. तो ड्राइव्ह कुलूपबंद असता तर नुकसान ड्राइव्हच्या किमतीएवढंच झालं असतं.

आता तर कायदाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डाटा संरक्षण कायद्यात, डाटा सांभाळण्यासाठी वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ‘वाजवी काळजी’ म्हणजे काय हे सांगताना नियमांत एन्क्रिप्शनचं, म्हणजे किल्लीशिवाय डाटा वाचता येऊ नये अशा कुलपाचं, नाव स्पष्ट घेतलंय. डाटा बाहेर गेला, तर ज्यांचा गेला त्यांना आणि डाटा संरक्षण मंडळाला कळवायचं, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, छोट्या दुकानाला उद्या एवढा दंड बसेल असं म्हणून मी कुणाला घाबरवत नाही. पण “आम्हाला माहीत नव्हतं” हे उत्तर यापुढं चालणार नाही.

पहिली पायरी: ड्राइव्ह कुठं कुठं लागणार ते कागदावर लिहा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, “साहेब, किती जीबी?” तो प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न असा, की हा ड्राइव्ह कोणकोणत्या यंत्रांना जोडायचा आहे, आणि तो घेऊन फिरणार कोण.

वाळूजमधला एखादा व्हेंडर घ्या. मोठ्या कंपनीनं दिलेली पार्टची ड्रॉइंग त्याच्याकडे गोपनीयतेच्या करारावर येतात. ती डिझाइनच्या कॉम्प्युटरवरून शॉपफ्लोअरवर, आणि प्रोग्रॅम व्हीएमसी मशीनवर (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमनं धातू कापणाऱ्या यंत्रावर) न्यायचा असतो. मशीनच्या कंट्रोलरवर पासवर्ड विचारणारं सॉफ्टवेअर चालत नाही. म्हणजे कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून उघडणारा ड्राइव्ह तिथं बिनकामाचा. शिवाय बऱ्याच कंट्रोलरना फॅट-३२ पद्धतीनंच फॉरमॅट केलेला ड्राइव्ह लागतो, आणि जुन्या कंट्रोलरना मोठ्या क्षमतेचा ड्राइव्ह ओळखताच येत नाही. अशा ठिकाणी एक टीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डाटा साठवणारा ड्राइव्ह, घेऊन उपयोग नाही. मशीनसाठी कमी क्षमतेचा, बटणांवर पिन टाकून उघडणारा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, आणि ड्रॉइंगचा सगळा साठा एसएसडीवर.

जालन्यातल्या बियाणे कंपनीचं चित्र वेगळं. शेतावरच्या चाचण्यांच्या नोंदी, कुठलं वाण कुठल्या दोन वाणांच्या संकरातून आलं याची माहिती, हे सगळं वर्षानुवर्षांच्या कष्टाचं फळ आणि ते एका एक्सेल फाइलीत मावतं. ड्राइव्ह फिरणार जीपमधून, धुळीतून, वेगवेगळ्या लॅपटॉपवर. लातूरच्या एखाद्या दवाखान्यात सोनोग्राफी आणि एक्स-रेच्या फाइली मोठ्या, पण ड्राइव्ह इमारतीबाहेर जात नाही. सीए ऑफिसातला ड्राइव्ह पक्षकाराच्या अनोळखी कॉम्प्युटरला लागतो, जिथं व्हायरस आहे की नाही कुणालाच ठाऊक नसतं.

चार ओळी लिहा: कुठला डाटा, कुठल्या यंत्राला, कोण नेणार, परक्याच्या कॉम्प्युटरला लागणार का. पुढची निम्मी निवड या चार ओळींनीच होते.

दुसरी पायरी: कुलपाचे तीन प्रकार समजून घ्या

एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय डाटा वाचता येणार नाही असा गुंतवून ठेवणं. फाइल लपवणं किंवा फोल्डरला पासवर्ड लावणं वेगळं. एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हचं पोट फाडून आतली चिप काढली, तरी हाती नुसता निरर्थक आकड्यांचा ढीग येतो. हे गुंतवण्याची आज जगभर चालणारी पद्धत म्हणजे एईएस. बेल्जियमच्या दोन गणितज्ञांनी ती तयार केली आणि २००१ साली अमेरिकेच्या मानक संस्थेनं ती फिप्स १९७ या नावानं स्वीकारली. खोक्यावर ‘२५६ बिट एईएस’ लिहिलेलं असतं ते हेच, आणि ड्राइव्हसाठी एईएसचा ‘एक्सटीएस’ हा प्रकार चांगला मानतात. एईएस अजून कुणी फोडलेलं नाही. फसवणूक किंवा चूक होते ती किल्ली कशी तपासली जाते तिथं. म्हणून खाली मी तीन प्रकार किल्लीच्या जागेवरून पाडले आहेत.

पहिला प्रकार, साधी एसएसडी आणि वर सॉफ्टवेअरचं कुलूप. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर हे कुलूप आधीपासून असतं, वेगळे पैसे लागत नाहीत. ड्राइव्हवर राइट क्लिक करून बिटलॉकर चालू करायचं, पासवर्ड द्यायचा, झालं. होम आवृत्तीत बिटलॉकर लावता येत नाही, पण लावलेला ड्राइव्ह पासवर्ड देऊन उघडता येतो, वाचता येतो, त्यात लिहिताही येतं. हे फार लोकांना माहीत नसतं, म्हणून ते उगीच प्रत्येक लॅपटॉपला प्रो घेत बसतात. मॅकवर मात्र बिटलॉकरचा ड्राइव्ह आपसूक उघडत नाही. मॅक, विंडोज आणि लिनक्स तिन्हीवर चालणारं फुकट सॉफ्टवेअर हवं असेल तर व्हेराक्रिप्ट आहे. चांगलं आहे, पण प्रत्येक कॉम्प्युटरवर ते असावं लागतं आणि चालवायला अॅडमिनचा अधिकार लागतो. पक्षकाराच्या ऑफिसात तो अधिकार तुम्हाला कुणी देणार नाही.

दुसरा प्रकार, ड्राइव्हच्या आत एन्क्रिप्शनची चिप, पण पासवर्ड कॉम्प्युटरवरच्या कंपनीच्या अॅपमधून टाकायचा. सॅमसंगचे टी-७ सारखे ड्राइव्ह किंवा डब्ल्यूडीचे माय पासपोर्ट एसएसडी या प्रकारात मोडतात. वेगवान असतात, किमतीला बरे. मात्र एक गोष्ट जपा. खोक्यावर ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ लिहिलंय म्हणून कुलूप लागलेलं नसतं. अॅप टाकून पासवर्ड लावेपर्यंत ड्राइव्ह कुणालाही उघडतो. असे ‘एन्क्रिप्टेड’ ड्राइव्ह दोन-दोन वर्षं उघडेच वापरलेले मी पाहिलेत.

तिसरा प्रकार, ड्राइव्हच्याच अंगावर बटणं किंवा छोटा टचस्क्रीन. पिन तिथंच टाकायचा, कुलूप उघडलं की कॉम्प्युटरला तो साध्या ड्राइव्हसारखा दिसतो. सॉफ्टवेअर नको, अॅडमिनचा अधिकार नको. विंडोज असो, मॅक असो, मशीन असो. पिन कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून जात नसल्यामुळे कॉम्प्युटरमध्ये टायपिंग चोरणारा व्हायरस असला तरी पिन त्याच्या हाती लागत नाही. किंग्स्टनचा आयर्नकी व्हॉल्ट प्रायव्हसी ८०, अॅप्रिकॉर्नचे एजिस, आयस्टोरेजचे डिस्कअशुर हे या जातीचे. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या एसएसडीपेक्षा बरेच महाग, आणि वेगात बहुतेक मागे.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्याच्याशिवाय विकत घेताना कशावर बोट ठेवायचं ते कळत नाही. २०१० च्या सुरुवातीला जर्मनीतल्या सिस या कंपनीनं दाखवलं, की नामांकित कंपन्यांच्या सुरक्षित पेनड्राइव्हमध्ये पासवर्ड बरोबर आहे की नाही हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर ठरवत होतं, आणि “बरोबर आहे, उघड” हा निरोप सगळ्या ड्राइव्हना एकच होता. तो निरोप पकडला की पासवर्डाशिवाय ड्राइव्ह उघडत असे. त्या ड्राइव्हना सरकारी प्रमाणपत्रं होती. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी तपासल्या, त्यात टी-३ आणि टी-५ हे पोर्टेबल ड्राइव्हही होते. काहींमध्ये पासवर्ड आणि डाटाची खरी किल्ली यांचा एकमेकांशी नीट संबंधच जोडलेला नव्हता. बिटलॉकर तेव्हा अशा ड्राइव्हवर स्वतःचं काम न करता ड्राइव्हच्या चिपवर भरवसा ठेवत असे. सप्टेंबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते बदललं आणि बिटलॉकर स्वतःच एन्क्रिप्ट करू लागलं. २०२२ मध्ये पुन्हा सिसच्याच तज्ज्ञानं व्हर्बेटिमच्या बटणवाल्या ड्राइव्हमधले दोष उघड केले. त्यातल्या एकात एईएसच होतं, पण एकसारख्या मजकुराचं एकसारखंच रूप बनवणाऱ्या कच्च्या प्रकारानं वापरलेलं.

यावरून माझं मत असं झालंय: अंगावर बटणं आहेत म्हणून ड्राइव्ह पक्का असं समजू नका, आणि बिटलॉकर फुकट आहे म्हणून कमी प्रतीचंही समजू नका. तीन-चार माणसांचं ऑफिस, सगळे कॉम्प्युटर विंडोजचे, ड्राइव्ह परक्या यंत्रांना लागत नाही, अशा ठिकाणी मी चांगली साधी एसएसडी आणि बिटलॉकर हेच सुचवतो. उरलेल्या पैशात दुसरी एसएसडी बॅकअपला घ्या. ड्राइव्ह मशीनना, मॅकना किंवा पक्षकारांच्या कॉम्प्युटरला लागणार असेल, तर मात्र बटणवाला घ्या आणि प्रमाणपत्र बघूनच घ्या. मधल्या प्रकाराची गरज मला धंद्यासाठी क्वचितच दिसते.

बोटाच्या ठशानं उघडणारे ड्राइव्हही येतात. ऑफिसात ठीक. शॉपफ्लोअरवर नको, तिथं हाताला कूलंट आणि ग्रीस असतं, दहा वेळा बोट टेकवूनही ड्राइव्ह उघडत नाही. टचस्क्रीनचंही तेच. तिथं दाबायची रबरी बटणंच बरी.

तिसरी पायरी: प्रमाणपत्राचा आकडा नीट वाचा

जाहिरातीत ‘फिप्स प्रमाणित’ एवढंच लिहिलेलं असतं आणि खरी गोम तिथं असते. फिप्स १९७ म्हणजे एईएसचं गणित बरोबर चालतं एवढीच तपासणी. फिप्स १४०-२ आणि त्याच्या पुढचं १४०-३ म्हणजे सगळा सुरक्षेचा भाग तपासलेला: किल्ली कशी ठेवली, खोलण्याचा प्रयत्न झाला तर काय होतं, चुकीचे पिन किती चालतात. त्यात चार पातळ्या आहेत. तिसऱ्या पातळीच्या ड्राइव्हमध्ये आतली सर्किट सहसा इपॉक्सीनं भरून टाकलेली असते, उकरायला गेलं तर चिपच मोडावी.

१४०-२ ची मुदत २१ सप्टेंबर २०२६ पर्यंत ठरलेली आहे, त्यानंतर ती प्रमाणपत्रं अमेरिकी संस्थेच्या जुन्या यादीत जातात. त्या दिवसानंतर ड्राइव्ह खराब होतो असं मुळीच नाही. पण तुमचा ग्राहक परदेशी असेल, किंवा मोठ्या कंपनीचं ऑडिट तुमच्याकडे येत असेल आणि त्यांनी करारात फिप्स मागितलं असेल, तर नवा ड्राइव्ह १४०-३ चाच बघा. विक्रेत्याला प्रमाणपत्राचा क्रमांक विचारा. तो अमेरिकेच्या मानक संस्थेच्या वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. क्रमांक न देता “आहे ना साहेब, सगळं आहे” म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. ‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दाला काहीच अर्थ नाही, तो वाचून पुढं चला.

चौथी पायरी: किल्ली कोणाकडे

सगळ्यात जास्त डाटा मी इथं गेलेला पाहिलाय. चोरानं नेलेला डाटा त्यापुढं थोडाच.

बियाण्यांच्या धंद्यातल्या एका माणसानं मला बोलावलं होतं. ड्राइव्ह टेबलावर, चांगल्या कंपनीचा, बटणवाला. पिन ठेवणारा अकाउंटंट नोकरी सोडून पुण्याला गेलेला. त्याला फोन लावला, तो बिचारा प्रामाणिकपणे आठवत होता, आठवेना. ज्या गुणासाठी ड्राइव्ह घेतला होता, तोच आता मालकाच्या विरुद्ध काम करत होता. असे ड्राइव्ह ठरावीक वेळा चुकीचा पिन टाकला की किल्ली कायमची पुसून टाकतात. डाटा आतच राहतो, पण जगात कुणालाच वाचता येत नाही. डाटा रिकव्हरीवाला कितीही हुशार असो, इथं तो हात टेकतो. आम्ही तीन अंदाज केले आणि थांबलो, कारण आणखी किती वेळा चालेल ते सांगणारं माहितीपत्रकही हरवलं होतं.

म्हणून घेताना हे विचारा: ड्राइव्हला अॅडमिनचा पिन आणि वापरणाऱ्याचा पिन असे दोन वेगळे ठेवता येतात का? धंद्यासाठी घ्यायच्या ड्राइव्हला हे असलंच पाहिजे, नसेल तर खाली ठेवा. अॅडमिनचा पिन मालकाकडे, वापरणाऱ्याचा पिन कामाच्या माणसाकडे. माणूस गेला की मालक आपल्या पिननं उघडून नवा पिन देतो, डाटा जागच्या जागी. चांगल्या ड्राइव्हमध्ये अॅडमिनला आणखी दोन गोष्टी ठरवता येतात: किती मिनिटं हात लावला नाही तर आपोआप कुलूप लागावं, आणि ड्राइव्ह ‘फक्त वाचण्यापुरता’ उघडावा. परक्याच्या कॉम्प्युटरला लावताना हा दुसरा पर्याय वापरा, म्हणजे तिथला व्हायरस तुमच्या ड्राइव्हवर चढत नाही.

बिटलॉकर वापरत असाल तर कुलूप लावताना ते ४८ अंकी रिकव्हरी की देतं. ती ‘सेव्ह’ करायला सांगतं आणि आपले लोक ती त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर सेव्ह करतात. कॉम्प्युटर गेला की किल्लीही गेली. ती कागदावर छापा. एक प्रत पाकिटात, पाकीट सीलबंद, सही आणि तारीख घालून तिजोरीत. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. ड्राइव्ह आणि किल्ली एका बॅगेत कधीही नको. पिनची चिठ्ठी ड्राइव्हच्याच कव्हरमध्ये घडी करून ठेवलेली मी इतक्या ठिकाणी पाहिलीय, की आता कुणी ड्राइव्ह हातात दिला की मी आधी कव्हरच उघडून बघतो.

पिन कोणता ठेवायचा? स्थापनेचं साल, गाडीचा नंबर, मालकाचा मोबाइल, १२३४ यातलं काही नको. आठ अंक किंवा जास्त. टॅलीव्हॉल्ट हे टॅलीचं स्वतःचं कुलूप लावून कंपनीचा डाटा आधीच बंद केला असेल तर चांगलंच, मात्र तोही पासवर्ड हरवला की परत मिळत नाही. तोही त्याच पाकिटात लिहा.

पाचवी पायरी: क्षमता, वेग आणि आपला उन्हाळा

क्षमता: आज लागतो त्याच्या दुप्पट घ्या, पुरे. टॅली आणि कागदपत्रांना ५०० जीबीही पुष्कळ होते, सोनोग्राफी आणि सीसीटीव्हीला एक-दोन टीबी.

वेगाच्या आकड्यांनी दबून जाऊ नका. यूएसबी ३.२ जेन १ म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत, जेन २ म्हणजे १० पर्यंत. ड्राइव्ह १० चा आणि ऑफिसातला कॉम्प्युटर जुना असेल तर वेग जुन्याचाच मिळतो. बटणवाल्या ड्राइव्हचा वेग सेकंदाला अडीचशे-साडेतीनशे एमबीच्या आसपास असतो, आणि ऑफिसच्या कामाला तो भरपूर आहे. केबल मात्र खोक्यातलीच वापरा, मोबाइलच्या चार्जिंगच्या काही केबलींतून डाटा जातच नाही आणि मग लोक ड्राइव्ह खराब म्हणून परत आणतात.

उष्णतेकडे मात्र लक्ष द्या, हे मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांत कुणी सांगत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला सहज टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. ड्राइव्हच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान दिलेलं असतं, काहींचं ४५ अंशांपर्यंतच, काहींचं ६० पर्यंत. शॉपफ्लोअरसाठी किंवा शेतावर न्यायला ६० चाच बघा.

त्याहून महत्त्वाचं: एसएसडीमध्ये डाटा विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात राहतो आणि वीज न मिळता पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, ठरलेलं लिखाणाचं आयुष्य संपवलेल्या साध्या एसएसडीनं ३० अंश तापमानात, वीज न मिळता, किमान एक वर्ष डाटा टिकवला पाहिजे. ३० अंशांत. उष्णता वाढली की ही मुदत घटते. नवा ड्राइव्ह याहून बराच जास्त टिकवतो, पण जुना, भरपूर वापरलेला ड्राइव्ह लोखंडी कपाटात टाकून दोन उन्हाळे विसरू नका. कंपनी कायद्यानं हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. एवढ्या मुदतीच्या साठवणीचा एकमेव आधार एसएसडी असू नये. त्याची दुसरी प्रत साध्या, फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवर ठेवा, तीही बिटलॉकर लावून, आणि एसएसडी दर तीन महिन्यांनी जोडून थोडा वेळ चालू ठेवा. मी दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा आणि आषाढी हे दिवस धरतो, तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

आणि हे पक्कं लक्षात असू द्या, की एन्क्रिप्शन म्हणजे बॅकअप नाही. ड्राइव्ह उघडा असताना खंडणीचा व्हायरस आला तर तो तुमच्या उघड्या फाइलींवर स्वतःचं कुलूप घालून मोकळा होतो. काम झालं की ड्राइव्ह काढा. काढताना ‘इजेक्ट’ करूनच. फाइल कॉपी होत असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून कॉम्प्युटर यूपीएसवर असला पाहिजे.

सहावी पायरी: खरेदी

अनेक टीबीची एसएसडी दोन-तीन हजारांत मिळते असं दिसलं की पुढं जा. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगणारी चिप. ठरावीक मर्यादेपुढं टाकलेला डाटा गुपचूप नाहीसा होतो. नवा ड्राइव्ह आणला की एच-२ टेस्ट-डब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर चालवून पूर्ण क्षमता लिहून-वाचून बघा, वेळ लागतो पण एकदाच करायचं आहे. अर्थात हे कुलूप लावण्याआधी, ड्राइव्ह रिकामा असताना.

बिल कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर घ्या. कर परत मिळतो हा एक फायदा, आणि वॉरंटीला बिल लागतं हा दुसरा. वॉरंटी ड्राइव्हची असते, डाटाची नसते. ड्राइव्ह बिघडला तर बदलून मिळेल, जुना कंपनीकडे जाईल, आणि तो तिथं कोण उघडेल ते आपल्या हातात नसतं. पहिल्या दिवसापासून कुलूप लावलेलं असेल तर ही काळजी उरत नाही. वापरलेल्या ड्राइव्हवर बिटलॉकर लावताना ‘संपूर्ण ड्राइव्ह’ हाच पर्याय निवडा, नाहीतर आधी पुसलेल्या फाइलींचे अवशेष उघडेच राहतात.

अॅप्रिकॉर्न, आयस्टोरेजसारखे ड्राइव्ह आपल्याकडच्या दुकानांत सहसा ठेवलेले नसतात, मागवावे लागतात. तेव्हा आधी विचारा, वॉरंटी भारतात आहे का. परदेशात पाठवायची वॉरंटी म्हणजे वॉरंटी नाही.

सातवी पायरी: खरा डाटा टाकण्याआधी तालीम करा

ड्राइव्ह आला की लगेच टॅलीचा बॅकअप टाकायची घाई होते. एक दिवस थांबा. त्यात दोन-चार बिनमहत्त्वाच्या फाइली टाका आणि ज्यांना ड्राइव्ह वापरायचा आहे त्या सगळ्यांना बोलवा. कारखाना असेल तर ऑपरेटरलाही, कारण पिन टाकणार तोच आहे.

आधी ड्राइव्ह कुलूप लावून परक्या लॅपटॉपला जोडा आणि काहीच दिसत नाही याची खात्री करा. मग कामाच्या माणसाच्या पिननं उघडा. मग तो पिन विसरलो असं समजून मालकांनी अॅडमिनच्या पिननं उघडावं आणि नवा पिन द्यावा. बिटलॉकर असेल तर पासवर्ड बाजूला ठेवून, तिजोरीतलं पाकीट फोडून, ४८ अंक टाइप करून ड्राइव्ह उघडून बघा. मी हे करायला लावतो तेव्हा मालक म्हणतात, “अहो, एवढं कशाला, उघडेलच की.” मागं एका दवाखान्यात मी तरीही हट्ट धरला, आणि तेव्हा कळलं की छापलेली की दुसऱ्याच ड्राइव्हची होती. दोन ड्राइव्ह एकाच दिवशी कुलूपबंद केले होते आणि कागदांची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून मी प्रत्येक ड्राइव्हवर पांढऱ्या रंगानं क्रमांक घालतो आणि तोच क्रमांक पाकिटावर.

शेवटी एक छोटी वही करा. ड्राइव्हचा क्रमांक, कुणी नेला, कुठं नेला, कधी परत आला, एवढे चारच रकाने. वही तिजोरीच्या शेजारी, पेन दोरीनं बांधून. पिन वहीत लिहायचा नाही. संध्याकाळी ऑफिस बंद करताना ज्याच्या हातात किल्ल्या असतात त्यानं वहीवर नजर टाकावी, आणि ज्याच्या नावापुढं परत आल्याची वेळ नाही त्याला घरी जाण्याआधी फोन करावा.